टॅरिफने भाव चढले तर व्याजदर वाढवायचे की उतरवायचे?

उलटी_बेरीज (धागाकर्ता)

व्याजदराची बैठक जवळ आली की ओळखीतले निदान चार जण विचारतात, "काय, उतरणार का या वेळी?" जणू दर म्हणजे नळाची तोटी, आणि ती फिरवणारा फक्त चांगल्या मूडची वाट बघतोय. मी अर्थशास्त्राचा प्राध्यापक नाही. रोख्यांच्या (म्हणजे सरकार-कंपन्यांच्या कर्जपत्रांच्या) बाजाराकडे बघत पंधरा वर्षं पोट भरतोय, एवढीच माझी पात्रता. पण या साध्या प्रश्नाला हल्ली मला सरळ उत्तर देता येत नाही, आणि त्याचं कारण टॅरिफ, म्हणजे आयात शुल्क, आहे. म्हणून हा धागा.

आधी नेहमीचं गणित. मागणी जास्त, माल कमी, की भाव चढतात. मध्यवर्ती बँक दर वाढवते, कर्ज महागतं, लोक घर-गाडी पुढे ढकलतात, कंपन्या नवी यंत्रं घेत नाहीत, मागणी निवते आणि भावही. औषध कडू, पण आजाराला लागू पडणारं. जून २०२२ मध्ये अमेरिकेतली महागाई ९.१ टक्क्यांवर पोचली होती. फेडने (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने) मार्च २०२२ मधल्या जवळपास शून्यावरून जुलै २०२३ पर्यंत दर ५.२५ ते ५.५० टक्क्यांवर नेला. महागाई ३ टक्क्यांच्या आसपास उतरली, आणि ज्या मंदीची सगळे छातीठोकपणे भाकितं करत होते ती आलीच नाही. (भाकीत करणाऱ्यांत मीही होतो. आता हसा.)

टॅरिफ या साच्यात बसत नाही. आयात शुल्क हा शेवटी कर आहे. तो भाव वाढवतो आणि त्याच वेळी गिऱ्हाईकाचा खिसा हलका करतो. भाव वाढले म्हणून दर चढवावा तर आधीच दमलेल्या मागणीच्या पाठीत आणखी एक रट्टा. मागणी दमली म्हणून दर उतरवावा तर चढत्या भावांना खतपाणी.

माझं मत असं : भाव एकदाच उडी मारून थांबणार असतील तर मध्यवर्ती बँकेने तिकडे काणाडोळा करावा. उड्या मारायची सवय लागणार असेल तर अजिबात करू नये. सगळा अंदाज या एका फरकावर उभा आहे, आणि पंचाईत ही की आकडा जाहीर होतो त्या दिवशी तो फरक दिसत नाही. बोला.

---

शेंडीफळ

बेसिक प्रश्न, हसू नका. महागाई ९ वरून ३ वर आली म्हणता, मग मला काहीच स्वस्त झालेलं का दिसत नाही?

---

उलटी_बेरीज

हसत नाही. निम्मी भांडणं याच गोष्टीवरून होतात. ९ किंवा ३ हा चढण्याचा वेग आहे, उंची नव्हे. १०० ची वस्तू ९ टक्क्यांनी १०९ झाली. पुढच्या वर्षी ३ टक्क्यांनी ११२ च्या वर गेली. महागाई "कमी" झाली, वस्तू महागच राहिली. भाव खरोखर खाली यायचे तर महागाईचा दर उणे व्हावा लागतो, आणि तो सगळीकडे उणे होतो तेव्हा बहुधा नोकऱ्याही जात असतात.

आता टॅरिफ याच गणितात टाकून बघ. १०० ला विकल्या जाणाऱ्या वस्तूत आयातीचा भाग ४०. त्यावर २५ टक्के शुल्क म्हणजे १० ची भर. सगळी भर गिऱ्हाईकावर टाकली तर वस्तू ११०. बारा महिने तिच्या भावात वर्षभरापूर्वीच्या तुलनेत १० टक्के वाढ दिसेल, तेराव्या महिन्यात शून्य. वस्तू ११० लाच, पण वेग संपला. मी "एकदाच उडी" म्हणतो ती ही.

---

खिळखिळी_सायकल

उगाच गुंतागुंत करताय. शुल्क परदेशी विकणारा भरतो. ज्याला बाजारपेठ हवी तो किंमत कमी करेल. गिऱ्हाईकाला फरक पडायचं कारणच नाही.

---

गोदामवाली

@खिळखिळी_सायकल, कागदावर शुल्क आयातदार भरतो. तो कागद मीच भरते, म्हणून सांगते.

अमेरिकेतल्या एका लहानशा आयातदाराकडे मी कॉस्टिंग बघते. यंत्रांचे सुटे भाग, बेअरिंग, सील वगैरे. माझ्या एक्सेलमध्ये शुल्काचा रकाना वर्षानुवर्षं लॉक केलेला होता. अमेरिकेच्या २ एप्रिल २०२५ च्या नव्या आयात शुल्कांच्या घोषणेनंतर मी त्याचं कुलूप काढलं ते आजतागायत लावलेलं नाही. ९ एप्रिलला बहुतेक देशांचं वाढीव शुल्क ९० दिवस थांबवलं आणि १० टक्के ठेवलं, पण चीनचं चढत चढत १४५ वर गेलं. मे महिन्याच्या मध्यात तेच नवं शुल्क ३० वर आलं. आमचा एक कंटेनर या मधल्या काळात बंदरात पोचला. १४५ ने सोडवला असता तर माल विकून शुल्कसुद्धा निघालं नसतं. साहेबांनी तो बॉण्डेड गोदामात टाकला. तिथे माल असेपर्यंत शुल्क भरावं लागत नाही, बाहेर काढाल त्या दिवसाचा दर लागतो. महिनाभर भाडं भरत बसलो आणि मग ३० ने काढला. हा नशिबाचा भाग. ज्यांनी आठवडाभर आधी घाबरून माल सोडवला त्यांचं काय झालं असेल ते तुम्हीच ठरवा.

आता विकणाऱ्याचं. आम्ही मागितली तेव्हा त्याने ४ टक्के सूट दिली. शुल्क ३०, सूट ४. उरलेलं आमच्यात आणि गिऱ्हाईकात वाटलं गेलं.

---

खिळखिळी_सायकल

एका दुकानाचा अनुभव म्हणजे अर्थव्यवस्था नव्हे.

---

जुनी_चोपडी

बरोबर, म्हणून मोठा दाखला घ्या. २०१८ च्या सुरुवातीला अमेरिकेने आयात वॉशिंग मशीनवर शुल्क लावलं. अर्थतज्ज्ञांनी नंतर हिशेब मांडला तर यंत्रं सुमारे १२ टक्क्यांनी महागली होती. गंमत पुढेच आहे. कपडे वाळवायच्या ड्रायरवर शुल्क नव्हतंच, तरी ड्रायरही जवळपास तेवढेच महागले, कारण दोन्ही जोडीने विकले जातात आणि विकणाऱ्यांनी वाढ दोघांत वाटली. देशात बनणाऱ्या यंत्रांचे भावही चढले. स्पर्धक महागला की आपण स्वस्त कशाला राहायचं? त्याच अभ्यासात नव्या नोकऱ्या धरल्या होत्या सुमारे १,८००, आणि गिऱ्हाईकांना पडलेला वाढीव खर्च एका नोकरीमागे साधारण ८ लाख १५ हजार डॉलर.

---

मधली_फळी

मी इथे एकटाच टॅरिफच्या बाजूने बोलणार असं दिसतंय, तर बोलतो. तो ८ लाखांचा आकडा मला पाठ आहे, प्रत्येक चर्चेत कुणीतरी फेकतंच. पण त्या हिशेबात फक्त भाव आहे. कारखाना एकदा बंद पडला की कामगारांच्या हातातलं कसब जातं, आजूबाजूचे पुरवठादार जातात, आणि अडीअडचणीच्या वेळी माल मिळेलच ही खात्रीही जाते. ते महागाईच्या निर्देशांकात येतं का? २०२१ मध्ये चिपच्या टंचाईने गाड्यांचे कारखाने थांबले होते तेव्हा "स्वस्त आयात" कुठे होती?

---

उलटी_बेरीज

@मधली_फळी, मुद्दा मान्य. काही गोष्टी देशात बनल्या पाहिजेत आणि त्याची किंमत मोजायला तयार असायला हवं, हे बरोबरच आहे. माझा आक्षेप वेगळा. ती किंमत आहे हे सांगून मोजावी. "परदेशी भरतो" म्हणू नये. आणि किती वर्षं, हेही आधी ठरवावं, कारण शुल्क लावणं सोपं आणि काढणं महाकठीण. साठच्या दशकात युरोपने अमेरिकी कोंबडीवर शुल्क चढवलं. त्याचं उट्टं म्हणून अमेरिकेने १९६४ मध्ये हलक्या ट्रकवर २५ टक्के शुल्क लावलं. कोंबडीचं भांडण विरून गेलं, ट्रकवरचं शुल्क साठ वर्षांनंतरही तसंच. ते चुकवायला फोर्डने तुर्कस्तानातून आपल्याच व्हॅन मागच्या सीट आणि खिडक्या लावून, प्रवासी गाडी म्हणून आणल्या, आणि बंदराबाहेर पडल्यावर त्या सीट काढून टाकल्या. एखादं शुल्क किती खोल रुजतं ते यावरून बघा.

---

काठावरचा

वाचतोय. पण शीर्षकातला प्रश्न कुठे गेला? दराचं काय?

---

जुनी_चोपडी

दराकडे येतो, पण १९७१ वरून.

१५ ऑगस्ट १९७१ ला अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी एका दमात तीन गोष्टी केल्या : डॉलरचं सोन्याशी असलेलं नातं तोडलं, पगार आणि भाव ९० दिवस गोठवले, आणि आयातीवर १० टक्के अधिभार लावला. अधिभार डिसेंबरात काढलाही. त्या अधिभारामुळे सत्तरच्या दशकातली महागाई आली असं कुणी म्हणत असेल तर ते चूक आहे. चूक पुढे झाली. १९७३ मध्ये तेल भडकलं तेव्हा फेडचे प्रमुख आर्थर बर्न्स होते. तेल हे खास कारण, अन्नधान्य हे खास कारण, कामगार संघटना हे आणखी एक, असं करत प्रत्येक उडी "एकदाची" ठरत गेली. एकेक उडी एकदाचीच होती हो! पण लोकांनी दशकभर उड्याच बघितल्या आणि पगाराच्या मागणीत पुढच्या वर्षीची उडी आधीच धरायला लागले. तिथून महागाई स्वतःच्या पायावर चालायला लागली.

ती मोडायला व्होल्कर यावे लागले. ऑगस्ट १९७९ मध्ये ते फेडचे प्रमुख म्हणून आले, आणि १९८१ पर्यंत फेडचा दर २० टक्क्यांच्या आसपास गेला. घर बांधणाऱ्यांचा धंदाच बसला. त्यांनी न वापरलेल्या लाकडी फळ्यांचे तुकडे तिकिटं चिकटवून फेडला पोस्टाने धाडले, त्यावर दर कमी करा म्हणून मजकूर. मोटारविक्रेत्यांनी न खपलेल्या गाड्यांच्या किल्ल्या पाठवल्या. १९८२ च्या अखेरीस बेरोजगारी १०.८ टक्के. मार्च १९८० मधली १४.८ टक्क्यांची महागाई १९८३ मध्ये ३-४ टक्क्यांवर आली ती ही किंमत देऊन.

म्हणून उलटी_बेरीज यांच्या "काणाडोळा करावा" याला माझा अर्धा विरोध. काणाडोळा एकदा ठीक. २०२१-२२ ची भाववाढ लोकांच्या अजून अंगावर आहे. ती विसरायच्या आत दुसरी उडी आली, तर लोक तिला एकदाची मानतील कशावरून?

---

उलटी_बेरीज

हा मुद्दा मी कमी लेखला होता. "उडी एकदाची आहे का" हे फक्त शुल्कावर ठरत नाही, आधीची उडी किती ताजी आहे यावरही ठरतं. मागे घेतो असं नाही, पण वाक्य दुरुस्त करतो : मागची दोन-चार वर्षं शांत गेली असतील तरच काणाडोळा.

---

लोलक

जुनी_चोपडी आता १९३० काढतीलच, म्हणून आधीच विचारते. स्मूट-हॉली या अमेरिकी शुल्कवाढीच्या कायद्यामुळे महामंदी आली हे खरं का?

---

जुनी_चोपडी

काढणारच होतो :)

मंदी १९२९ मध्येच सुरू झाली होती, कायदा जून १९३० चा. एक हजाराहून जास्त अर्थतज्ज्ञांनी अध्यक्ष हूव्हरना सही करू नका म्हणून निवेदन दिलं होतं. त्यांनी केली. कायद्याने मंदी आणली नाही, ती चिघळवली. इतर देशांनी उलट शुल्कं लावली आणि जगाचा व्यापार आटला.

पण या धाग्याच्या विषयाशी जोडलेली एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. तेव्हाची बरीच शुल्कं टक्क्यांत नव्हती, नगावर किंवा वजनावर ठरलेली होती. पौंडामागे इतके सेंट. मंदीत भाव कोसळले, सेंट तेवढेच राहिले. म्हणजे कायद्यात एक अक्षर न बदलता शुल्काचा बोजा वाढत गेला. पुढे युद्धाच्या काळात आणि नंतर महागाई आली, तेव्हा तीच शुल्कं झिजून हलकी झाली. टॅरिफने महागाईवर काय होतं एवढंच आपण बोलतोय, महागाईही टॅरिफचं वजन बदलते.

---

लोलक

हे खरंच माहीत नव्हतं. वाखूसा (वाचनखूण साठवली).

---

धोपटमार्ग

एवढा इतिहास कशाला? दर उतरवा, कर्ज स्वस्त होईल, कारखाने निघतील, माल वाढेल, भाव आपोआप पडतील. चढे व्याज हेच महागाईचं मूळ.

---

काठावरचा

हा प्रयोग तुर्कस्तानने केलाय, अगदी याच तर्काने. सप्टेंबर २०२१ मध्ये धोरण दर १९ टक्के होता, तो उतरवत फेब्रुवारी २०२३ मध्ये ८.५ वर आणला. मधल्या काळात लिराची (तिथल्या चलनाची) घसरगुंडी झाली, आयात महागली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये सरकारी आकड्यानेच महागाई ८५ टक्क्यांपार गेली. मग उलट फिरून मार्च २०२४ पर्यंत दर ५० टक्के. महागाई ८५ आणि दर १०.५ असताना कर्ज घेणारा शहाणा आणि बचत करणारा मूर्ख ठरतो. अशा वेळी कारखाना कोण काढतं? लोक डॉलर आणि सोनं घेऊन ठेवतात.

---

उलटी_बेरीज

+१. शिवाय मध्यवर्ती बँक उतरवते तो एका रात्रीच्या उधारीचा दर. घरासाठी किंवा कारखान्यासाठी लागतं ते दहा-वीस-तीस वर्षांचं कर्ज, आणि त्याचा भाव रोखेबाजार ठरवतो. फेडने सप्टेंबर ते डिसेंबर २०२४ मध्ये दर एकूण एक टक्क्याने उतरवला. त्याच काळात दहा वर्षांच्या सरकारी रोख्यावरचा परतावा जवळजवळ तेवढाच *चढला*. ज्यांनी "दर उतरले की गृहकर्ज काढू" म्हणून वाट बघितली ते तोंडात बोट घालून बसले. पुढच्या महागाईची किंवा सरकारी तुटीची भीती असेल तर बाजार लांबचं व्याज वसूल करतोच, बँकेने काहीही ठरवलं तरी.

---

गोदामवाली

यात एक धागा सुटतोय, तो माझ्या टेबलावरचा आहे.

शुल्क माल *विकल्यावर* भरत नाहीत, माल आत घेतानाच भरावं लागतं. आधी आम्ही वर्षभरात जेवढं शुल्क भरायचो तेवढं आता दोन-तीन खेपांत जातं. एवढी रोकड लहान कंपनीकडे पडून नसते. आम्ही बँकेच्या कॅश क्रेडिटसारख्या खात्यातून उचलतो, आणि त्याचं व्याज फ्लोटिंग, म्हणजे बाजाराप्रमाणे बदलणारं, आहे. माल विकून पैसे हातात यायला साडेतीन महिने लागतात. म्हणजे शुल्कावर व्याज, आणि दोन्ही मिळून भाव. वर कस्टम्सला जो हमीचा बॉण्ड द्यावा लागतो तो साधारण वर्षभराच्या शुल्काच्या १० टक्के असतो. शुल्क वाढलं, बॉण्ड अपुरा पडला, नवा घ्या, त्याचा हप्ता निराळा.

तुम्ही म्हणता, दर चढा ठेवला की महागाई थंड होते. आमच्या वहीत चढा दर हा खर्चाचा एक रकाना आहे. तो आम्ही भावातच घालतो.

अजून एक. उडी एका दिवसात दिसत नाही ती आमच्यासारख्यांमुळे. एप्रिलपूर्वी भरून ठेवलेला जुना माल होता, तो नव्या मालात मिसळून सरासरी काढली. आमचा भाव वाढला जुलैमध्ये, मग पुन्हा ऑक्टोबरात. गिऱ्हाईकाला त्या दोन उड्या वाटल्या. कारण एकच होतं.

---

उलटी_बेरीज

हा प्रतिसाद मूळ धाग्यापेक्षा भारी आहे. एकदाची उडी हप्त्याहप्त्याने आली तर बघणाऱ्याला ती सवयीसारखीच दिसणार. १९७१ वाला मुद्दा इथे येऊन भिडतो.

---

मधली_फळी

ज्या देशांनी टॅरिफ लावलंच नाही त्यांचं काय? सगळी चर्चा लावणाऱ्याची चाललीय.

---

काठावरचा

त्यांच्याकडे चित्र उलटं. लावणाऱ्याकडे भाव चढतात. ज्याच्या मालावर लागलं त्याची मागणी घटते, न खपलेला माल दुसऱ्या बाजारांत स्वस्तात ओतला जातो, आणि तिथे भाव नरमतात. त्यांच्या मध्यवर्ती बँकेला दर उतरवायला मोकळं रान. २०२५ मध्ये हे डोळ्यांसमोर घडलं. युरोपच्या मध्यवर्ती बँकेने जूनपर्यंत ठेवीदर २ टक्क्यांवर आणला, फेड मात्र सप्टेंबरपर्यंत ४.२५ ते ४.५० वर ठाण मांडून. अर्थात उलट शुल्क लावलंत की तुम्हीही लावणाऱ्यांच्या रांगेत.

पुस्तकात लिहिलंय की टॅरिफ लावणाऱ्याचं चलन वधारतं आणि आयात थोडी स्वस्त होऊन काही भार हलका होतो. २०२५ च्या पहिल्या सहामाहीत डॉलर प्रमुख चलनांपुढे १० टक्क्यांहून जास्त घसरला. मग शुल्कही तुम्हीच भरा आणि महागलेलं परकी चलनही तुम्हीच घ्या. भांडवल दूर जायला लागलं की पुस्तक बाजूला राहतं.

---

शेंडीफळ

सगळं वाचलं. डोकं गरगरतंय. मला फक्त एवढंच सांगा, कर्ज फिक्स्ड घ्यायचं का फ्लोटिंग?

---

धोपटमार्ग

फ्लोटिंग. दर उतरणारच.

---

उलटी_बेरीज

@शेंडीफळ, धोपटमार्ग यांचा हप्ता धोपटमार्ग भरतील, तुझा तुलाच भरायचाय. दर उतरतील की चढतील यावर मी पैज लावत नाही. फेडने २०२५ च्या शेवटच्या चार महिन्यांत तीनदा पाव-पाव टक्का उतरवला, तेव्हाही महागाई ३ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे २ च्या उद्दिष्टाच्या वरच होती. नोकऱ्यांची काळजी जास्त वाटली म्हणून उतरवला. पुढच्या बैठकीत काळजी बदलू शकते. तू कागद घेऊन बस. दर दोन टक्क्यांनी चढला तर हप्ता किती होतो ते काढ. तो आकडा बघून झोप लागत असेल तर फ्लोटिंग घे, नसेल तर फिक्स्डसाठी थोडं जास्त मोज.

---

खिळखिळी_सायकल

@गोदामवाली, खवचटपणे नाही, खरंच विचारतोय. आता स्थिर झालंय का तुमच्याकडे?

---

गोदामवाली

आमच्या कोटेशनच्या तळाशी एक ओळ असते, "हा दर अमुक दिवस वैध". आधी तिथे ९० असायचे. एप्रिल २०२५ मध्ये ७ केले. गेल्या आठवड्यात साहेबांनी ३० करायला सांगितलं. मी केले. तासाभरात त्यांचा फोन आला, खाली आणखी एक ओळ घाल म्हणाले : "शुल्क बदलल्यास दर बदलेल." घातली. शुल्काच्या रकान्याला कुलूप लावू का विचारलं, तर म्हणाले, राहू दे.